गोधडीचे हातमोजे

गादी भरताना नव्या कापसाचा वास आला आणि महायुद्धातली ती सकाळ आठवली. हवाई दलात वैमानिक होऊ पाहणाऱ्या आम्हा पोरांची उघड्या लहान विमानातून उंचावर उडण्याची परीक्षा होती. आईने लोणखेड्याहून घरच्या कापसाचे, गोधडीसारखे शिवलेले हातमोजे पाठवले होते. माझ्या गावचा सुकलाल आधी उडणार होता.

“दे ना भाऊ, उतरताच परत करसू.”

तो पास झाला आणि लगेच पुढच्या तळाकडे निघालेल्या ट्रकमधून मोजा घातलेला हात हलवत निघून गेला. मी तसाच वर गेलो. गोठवणाऱ्या हवेत बोटे हलेनात. शिक्षकांनी विमान उतरवले, मला नापास केले.

घरी आईने विचारले, “मोजा कामले उनात का रे?”

“उनात, माय,” आले कामाला, असे म्हणत मी हात पाठीमागे घेतले. सुकलालने मला फसवले; आईला मात्र मीच.