वेबसाइटवरचा झेंडूचा मळा

बी.एस्सी. झाल्यावर मी कम्प्युटरचा कोर्स केला आणि नोकरीसाठी अर्ज पाठवायला लागले. बहुतेक कंपन्या पुण्याच्या. उत्तर कुणाचंच येत नव्हतं. कोर्समधली मैत्रीण म्हणाली, "स्वतःची वेबसाइट कर आणि बायोडेटावर तिचा पत्ता टाक. तुला काय येतं ते त्यांना दिसेल तरी."

शहरात द्वारका चौकात एक सायबर कॅफे होता. तिथे बसून मी इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जागेवर साइट उभी केली. वर कुणाची तरी जाहिरात लुकलुकायची, खाली किती जण येऊन गेले ते मोजणारा आकडा. तो बहुतेक माझ्यामुळेच वाढत होता. मध्ये माझं शिक्षण, मार्क आणि मी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम.

मखमलाबादकडे आमचा झेंडूचा मळा. एकदा बाजारात फुलं पोचवून परतताना माझे वडील, आप्पा, मला न्यायला कॅफेत आले. शेजारच्या खुर्चीवर बसले आणि साइट हळूहळू, अक्षर अन् अक्षर वाचली.

"हे समदं कॉलेजचं झालं," ते म्हणाले. "आपला मळा कुठंय यात?"

"आप्पा, नोकरीला मळा कशाला लागतो?"

"लागत नसंल. पण माणूस कुठलं हाय, ते कळाया नको?"

त्यांचं मन राखायचं म्हणून मी एक पान वाढवलं. भावाच्या लग्नाच्या रोलमध्ये मळ्याचे दोन-तीन फोटो निघाले होते, ते स्कॅन केले. रोप कधी लावतो, पहिली तोडणी कधी येते, पहाटे क्रेट कसे भरतो, असं लिहीत गेले. बाकीची पानं रखडत लिहिली होती; हे एका बैठकीत झालं.

बायोडेटावर घरचाच फोन नंबर होता, साइटवरही तोच. पहिला फोन आला तो एका मांडववाल्याचा. दसऱ्याला झेंडू मिळेल का, म्हणून. आईने भाव सांगून सौदाही ठरवून टाकला.

मी वैतागले. "आई, ती साइट नोकरीसाठी आहे गं!"

"मग काय झालं? फुलं बी जातील," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

पुढचा फोन आला तेव्हा मी मळ्यात होते. पलीकडून बोलणारे गृहस्थ दिंडोरी रस्त्यावर पॉलिहाउसमध्ये गुलाब पिकवून परदेशी पाठवत. आईने त्यांनाही झेंडूचा भाव सांगितला.

ते हसून म्हणाले, "फुलं नकोत, ताई. ते पान कुणी लिहिलंय?"

"माझ्या पोरीनं. झेंडू तोडती हाय. थांबा, हाक मारते."

मी चिखलाच्या पायांनी धावत येऊन रिसीव्हर उचलला. त्यांना वेबसाइट सांभाळायला आणि ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं द्यायला माणूस हवं होतं. भेटायला या, म्हणाले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुण्याच्या एखाद्या काचेच्या ऑफिसात बसायचं, म्हणून इतकं शिकले आणि पुन्हा फुलंच? मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, तिथे प्रोग्रॅमिंग काय करणार तू?" तिचं चूक नव्हतं.

आप्पा एवढंच म्हणाले, "नाय आवडलं तर नाय म्हण. पण जाऊन तर ये."

गेले. मालकांनी पॉलिहाउस हिंडून दाखवलं, मग ऑफिसात चहा दिला. कम्प्युटरबद्दल त्यांनी फारसं विचारलं नाही. "गुलाब उशिरा निघणार असतील तर ग्राहकाला काय लिहाल?" असं विचारलं.

"खरं तेच लिहीन," मी म्हणाले. "आणि कधी निघतील तेही. नुसतं 'उशीर होईल' म्हटलं तर बाजारात कुणी थांबत नाही."

ते म्हणाले, "सोमवारपासून या."

सोमवारी गेले, ती पुढे बरीच वर्षं जात राहिले. पहिल्या दिवशी हॉलंडहून एक मेल आली होती, दांड्याची लांबी किती मिळेल म्हणून. चार ओळींच्या उत्तराला मी अख्खी सकाळ घालवली. मालकांनी उभ्याउभ्याच ते वाचलं.

"ठीक आहे, पाठवा," म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

मी बटण दाबलं. मेल गेली की नाही, ते पुन्हा एकदा पाहिलं. मग डबा उघडला आणि निवांत जेवले.