टाकीच्या झाकणावरचं कुंकू

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार दत्तामामांचे. त्यांच्या होडीच्या इंजिनाच्या कमाईवर मी पदवीपर्यंत शिकलो, घरातला पहिलाच. मामा आता गावी राहतात, होडी मी बघतो. दसऱ्याला इथे येऊन इंजिनाची पूजा करून ते गावी परतले आणि एकेकाळी शर्यती मारलेलं ते इंजिन वेग घेतला की बंद पडू लागलं. मामांचा निरोप आला, "म्हातारं झालं. भंगारात दे."

माझं मन होईना. मी वरळी कोळीवाड्यातल्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. पाना उचलण्याआधी ते चहा पितात आणि इंजिनाशी बोलतात.

"काय गं बाय, कोणी उपाशी ठेवलं तुला?"

"मेस्त्री, कार्बोरेटर खोला ना."

"गप रे ग्रॅज्युएट! पोट दुखतंय आणि तू डोकं फोडतोस?"

समुद्रात जाऊन त्यांनी वेग वाढवला. इंजिन गचके खात थांबलं. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा चपटा पडला होता. त्यांनी टाकीचं झाकण सैल केलं, हवा सूं करत आत शिरली आणि इंजिन पुन्हा गरजलं. झाकणातल्या हवेच्या भोकात मामांच्या पूजेचं हळदकुंकू वाळून घट्ट बसलं होतं; टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल पुढे जात नव्हतं.

मेस्त्रींनी टाचणीने भोक मोकळं केलं. मग माझ्याकडून कुंकवाची पुडी मागून घेतली आणि टाकीच्या कुशीला ठसठशीत टिळा लावला.

"मामाला वाईट नको वाटायला."

फोनवर मामांना नीट ऐकू येत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी पत्र टाकलं:

"ती. मामांस, इंजिन ठणठणीत आहे, विकायचं नाही. पुढच्या दसऱ्याला पूजेला तुम्हीच या. टिळ्याची जागा तेवढी बदलली आहे. मेस्त्रींनी स्वतः टिळा लावून ती दाखवली."