बाईंची जीप गेली

आमच्याकडं सरकारी माणसाची जीप गेली की लोक समजायचं ते समजून जातात. साहेब बदलून गेला तर जीप नव्या साहेबाकडं जाते. पण साहेब गावातच आणि जीप तेवढी गेली, म्हणजे साहेब सस्पेंड. आणि सस्पेंड म्हणजे त्यानं काहीतरी खाल्लंच असणार. बिलोली तालुक्यातल्या आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही कळायचं. परदेशातून आलेल्या नर्सबाईलाही लोक हाच न्याय लावतील, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. जो तो तिथं ऑफिस थाटत होता, तसं आमच्या संस्थेनंही थाटलं. संस्था परदेशी मदतीवर चालायची आणि तिकडचे स्वयंसेवक आणून दुष्काळी गावांत ठेवायची. आमच्या वाट्याला ही बाई आली. गरोदर बायकांना तपासायची, पोरांची वजनं घ्यायची. मी तिची दुभाषी. बारावी झालेली, गावच्या बौद्ध वस्तीतली आणि तोंडानं फटकळ. तिचं सौम्य बोलणं मी मराठीत आणताना जरा तिखट करून सांगायचे, त्यामुळं बायका ऐकायच्या.

पुन्हा पावसानं दगा दिला आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिकडच्या सरकारनं मदतीला कात्री लावली. लातूरचे साहेब येऊन सांगून गेले. जीप आणि ड्रायव्हर परत, बिलोलीतली भाड्याची खोली बंद, बाईंचा भत्ता निम्मा, माझा पगार बंद. बाईंना म्हणाले, "तुम्ही घरी गेलात तरी कोणी नावं ठेवणार नाही." बाई म्हणाल्या, "माझी मुदत संपलेली नाही." मला तर असा संताप आला, की पगार नाही तर नाही, पण मीही हलणार नाही असं साहेबांना तोंडावर सांगितलं.

खोलीच्या मालकानं महिनाअखेरपर्यंत राहू दिलं. बाई एसटीनं फाट्यावर उतरायच्या आणि वजनकाटा खांद्याला अडकवून उन्हातून चालत गावात यायच्या. डोकं धुवायला पाणी पुरेना म्हणून केस पोरासारखे कापून टाकले. चष्म्याची दांडी तुटली, ती दोऱ्यानं बांधली. पूर्वी पार्सलनं येणारी कॉफी बंद झाली, तेव्हा आमचा गुळाचा चहा प्यायला शिकल्या. तोंड वाकडं करायच्या, पण कप रिकामा करायच्या. या कशाबद्दलही मी त्यांच्या तोंडून तक्रार ऐकली नाही. त्या रडल्या त्या वेगळ्याच गोष्टीनं. बायका यायच्या बंद झाल्या.

चावडीपुढं आम्ही काटा टांगून बसायचो आणि कुणी फिरकायचं नाही. किराणा दुकानवाल्या लिंगायतांची सून दिवसांत होती. तिचे पाय सुजले होते, ब्लडप्रेशर चढत होतं. बाईंना तिचाच घोर लागला होता. आम्ही दुकानावर गेलो तर तिच्या सासूनं, जिला सगळं गाव अव्वा म्हणायचं, दारातच अडवलं.

"सून झोपली हाय," अव्वा म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाईनं काय खाल्लं गं? औषधं विकली का? जीप काढून घेतली म्हणं. सस्पेंड बाईचा हात माझ्या सुनंला नको."

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं दार उघडलं नाहीच, उलट कडी लागली. बाईंनी विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी पहिल्यांदाच शब्दाला शब्द सांगितला. बाई तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून रडल्या. म्हणाल्या, "ती मरेल. मला घरात घेत नाहीत आणि ती मरेल."

आईला मी हे सगळं सांगितलं. आई कधी शाळेत गेली नव्हती, पण गाव तिला माझ्यापेक्षा बरं कळायचं. तिनं भाकऱ्या थापता थापता म्हटलं, "भांडून काय व्हतंय? तिला आपल्यात राहायला आण. उद्या टँकरच्या टायमाला आण."

टँकर आमच्या वस्तीच्या तोंडाशी थांबायचा, कारण रस्ताच तिथं संपायचा. गावातल्या आणि वस्तीतल्या बायका घागरी घेऊन वेगवेगळ्या रांगांत उभ्या होत्या. बाई वळकटी आणि वजनकाटा घेऊन आल्या. आईनं त्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं, भाकरीचा तुकडा आणि पाण्यानं भरलेला तांब्या त्यांच्यावरून ओवाळला आणि ते पाणी रस्त्यावर ओतून दिलं. सासरहून माहेरी आलेल्या लेकीसाठी हे करतात. दादा आतून कुरकुरला, "दीक्षा घेतल्यावर असल्या चाली आपण सोडल्या की." आई म्हणाली, "तू गप बस."

सगळी रांग त्या ओल्या मातीकडं बघत राहिली. त्या उन्हाळ्यात आई तांदूळ धुतलेलं पाणीही शेळीसाठी ठेवायची, हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं तांब्याभर पाणी ओतलं म्हणजे बाई खरंच लेक. सस्पेंड झालेल्या साहेबाला कोण घरात घेतं? आणि लेक जीपनं आली का पायी, हे कोण विचारतं? टँकर जायच्या आत दोघीतिघी पोरं कडेवर घेऊन काट्याशी आल्या.

अव्वा दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. आमच्या वस्तीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. सुनेला धरून आणलं होतं. तिचं डोकं फुटायला आलं होतं, डोळ्यापुढं अंधारी येत होती. बाईंनी ब्लडप्रेशर बघितलं आणि मला एकच शब्द म्हणाल्या, "नांदेड."

मला जीपची आठवण झाली. अव्वा मात्र म्हणाल्या, "आमचा मालाचा टेम्पो उभा हाय. तुमी दोघी संगं चला." साखरेची पोती रस्त्याकडेला उतरवून आम्ही निघालो. नांदेडपर्यंत बाईंनी त्या पोरीचं डोकं मांडीवरून हलू दिलं नाही. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं. मुलगी झाली, मुठीएवढी, पण रडली. सूनही वाचली. दवाखान्याच्या व्हरांड्यात अव्वा आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

सव्वा महिना झाल्यावर अव्वा नातीला वजनाला घेऊन आल्या. काट्याला झोळी बांधताना अव्वांना तिचं टोक धरायचं होतं, म्हणून बाळ कुणाच्या तरी मांडीवर द्यायला हवं होतं. जवळ आईच बसली होती. आईनं हात पुढं केले आणि मागं घेतले. इतक्या वर्षांत गावातलं मूल तिच्या हातात कुणी दिलं नव्हतं.

"घ्या की," अव्वा म्हणाल्या, आणि बाळ आईच्या मांडीवर ठेवलं.

बाईंची झोळी कधीच बांधून झाली होती. पण आईनं मूल दिलं नाही. अव्वांनीही मागितलं नाही.