जुईची गुलाबी प्लेट

भुताखेतांचा विषय निघाला की मी चहाच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस. धुळ्यात माझी छोटी डेंटल लॅब आहे – कवळ्या, कॅप, मुलांच्या दातांच्या प्लेट. हाताला लागेल तेवढंच खरं, असं मानत आलो. तरी हे लिहितोय.

माझी मुलगी जुई. तिचा वरचा जबडा अरुंद, सुळ्याला जागाच नव्हती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "फिक्स्डच लावू, दाढांना चिकटवून. लवकर रुंदावतं. काढता येणारी प्लेट पोरं दप्तरात टाकतात." पण जुईला शेवभाजी खाताना तोंडात काही नको होतं. मीही बापच... काढता-घालता येणारी, गुलाबी, चमकीवाली प्लेट स्वतः बनवली. मधल्या स्क्रूला ठरलेल्या वारी बारक्या चावीने पाव फेरा द्यायचा, की प्लेटच्या दोन अर्ध्या भागांमधली फट किंचित वाढते. दिवाबत्ती झाली की बायको तो द्यायची.

पावसाळ्यात जुई डेंग्यूने गेली. सिस्टरने प्लेट कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. फिक्स्ड असती तर तिच्यासोबत गेली असती. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

प्लेट डबीत ठेवली, चावी माझ्या लॅबच्या जुडग्यात. काही दिवसांनी डबी उघडली तर फट वाढलेली. वाटलं, मी अंघोळीला गेलो की बायको फिरवत असेल. फिरवू दे. फट वाढत गेली, मी गप्पच राहिलो.

शेवटी तीच म्हणाली, "तुम्हीच फिरावतस ना? म्हनीसन मी काही बोलनू नही."

"मी नाही. मला वाटलं तू."

"चावी ते तुमनाजोडे शे."

तोंडातल्या दाबाने स्क्रू कधी मागे फिरतो, हे मला माहीत आहे. पण बंद डबीत पुढे? मी डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तरी फट वाढली... आणि एके दिवशी वाढायची थांबली.

प्लेट मॅडमना दाखवली. त्यांनी जुईच्या प्लास्टरच्या साच्याशेजारी धरून मापली. "एवढंच रुंद करायचं होतं आपल्याला," म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या.

घरी आलो, बायको दिवा लावत होती. मॅडमचं बोलणं तिला सांगितलं.

"मंग आते बसीन ना तिना दात?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.