अण्णाच्या गळ्यातल्या सात गाठी

आमच्या भालकीत माझ्या थोरल्या भावाचं, सोमशेखरअण्णाचं, नाव निघालं की लोक म्हणतात, "वाघ होता. भीती म्हणून ठाऊक न्हवती." साफ खोटं! अण्णा विहिरीच्या पायऱ्यासुद्धा भिंत धरून उतरायचा. त्रेचाळीस साली विमान शिकायला त्याची निवड झाली ती इंग्रजी चांगलं म्हणून. शौर्याबिर्याचा काही संबंध नाही. नाहीतर वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, तुरीच्या अडतीवरच बसला असता.

शिकवणी बीदरबाहेरच्या मैदानावर चाले. पुढच्या खुर्चीत उस्ताद, मागं अण्णा. उडणं जमलं, उतरणं जमेना. जमीन हातभर उरली की विमान वरखाली करायचा, पायांमधला दांडा पोटापर्यंत ओढायचा, मग वेग मरतो आणि विमान बसतं. अण्णाचा हात निम्म्यावर थांबायचा. विमान आपटून चेंडूसारखं उसळायचं.

"डंडा पेट तक खींचो बोले तो कायकू नइं खींचते मियाँ? मेरेकू बी ले को मरते क्या?" उस्ताद ओरडले. मंगळवारी शेवटची संधी. नाही जमलं तर घरी, आणि आपटलंच तर घरीसुद्धा नाही.

मी तेव्हा शिकायला बीदरात मावशीकडे होते. सोमवारी अण्णा आला, झालेलं सांगितलं, जेवला मात्र नाही. मी खोदून विचारलं, "हात कामून थांबायलाय तुझा?"

त्यानं सदरा वर केला. आम्ही लिंगायत. गळ्यात कायम बाळगायचं इष्टलिंग आप्पांच्या चांदीच्या करडगीत होतं, आणि ती पेरूएवढी डबी दोऱ्यावर थेट पोटाशी लोंबत होती.

"दांडा हितंच येतोय गं. धक्क्यानं लिंग भंगलं तर?"

"मग उस्तादांना सांग की."

"ते म्हणतील, काढून ठेव. तू ठेवशील?"

माझा हात माझ्याच गळ्याकडे गेला. लिंग अंगावेगळं झालं की जीव वेगळा झाला, हे आम्हाला दुधातून पाजलेलं. पण मला राग आला. त्याचा, माझा, कुणाचा कोण जाणे.

"लिंग कशाला काढतोस? करडगी काढ!"

पांढऱ्या कापडात लिंग गुंडाळून ते मी त्याच्या गळ्याशी, अगदी वर बांधलं. सात गाठी मारल्या. मावशीला सांगितलं नाही. लिंग चिंधीत बांधलेलं पाहून तिनं दोघांनाही हाकललं असतं.

मंगळवारी मी कुंपणाशी उभी. विमान वर गेलं आणि मला उशिरा सुचलं. वरून उघड्या विमानात वाऱ्यानं गाठ सुटली तर? लिंग पायाशी पडलं तर अण्णा दांडा सोडून ते शोधणार. शोधणारच, मी ओळखते त्याला. दोन माणसांचे जीव माझ्या चिंधीवर!

पहिल्यांदा विमान फार उंचावरून आलं, तसंच पुढं गेलं. दुसऱ्यांदा इंजिनाचा आवाज दबला. डोळे मिटायचे होते, मिटेनात. चाकं टेकली, शेपूट टेकलं, आणि विमान न उसळता धावत राहिलं.

अण्णा कुंपणाशी आला तो पांढराफटक.

"गाठी मारल्यास का फास लावलास? श्वास घेता येईना."

"उतरलास न्हवं?"

"व्हय."

"मग रडायलास कामून?"

"उस्ताद शाब्बास म्हनले. उद्या एकट्यानं जायचंय."

मी त्याचं वरचं बटण काढून गाठी चाचपल्या. पाचच उरल्या होत्या.