उजवीकडे ओढणारी जावा

उमाकांतअण्णा पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासनीस होते. लेथवरून उतरलेला प्रत्येक तुकडा त्यांच्या टेबलावर यायचा आणि केसाइतका जरी फरक सापडला, तरी त्यावर लाल ठिपका पडायचा. हा लाल ठिपका ते घरीही घेऊन यायचे. राजाजीनगरात त्यांच्या माडीवर मी भाड्याने राहायला आलो, त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारण्याआधी माझ्या कपाटापुढे बसकण मारली आणि म्हणाले, "पुणेकर, याचा एक पाय अर्धं सूत आखूड आहे हो." ते कपाट मी तीन वर्षं सुखाने वापरत होतो. त्या दिवसापासून ते मला लंगडं दिसायला लागलं.

अशा माणसाची मोटारसायकल वाकडी होती.

गाडी जुनी जावा. पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या दोन नळ्या असतात, त्यांना फोर्क म्हणतात. त्यातली एक वाकलेली होती, त्यामुळे गाडी सारखी उजवीकडे ओढायची. अण्णा एकटे निघाले की डावीकडे इतके कलायचे, की शेजारून जाणाऱ्याच्या कानात काहीतरी सांगायचं आहे असं वाटावं. कारखान्याला ते कंपनीच्या बसने जात, ही पीण्यावर देवाची कृपा. मात्र संध्याकाळी अनुसूयाक्का, म्हणजे त्यांची पत्नी, डावीकडे पाय सोडून मागे बसल्या की गाडी शहाण्या मुलीसारखी नाकासमोर चालायची. दोघं रोज बाहेर पडत. भाजी, देऊळ, हातभर मल्लिगेचा गजरा, आणि परत.

मी वर्षभर टोकत होतो. "अण्णा, माझ्या कपाटाचा पाय दिसतो, आणि हे दिसत नाही?"

"करू या की. स्वल्प थांबा."

हे 'स्वल्प' सहा वर्षं चाललं होतं.

त्र्याण्णव सालच्या आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या रविवारी अण्णा गाडी धुवायला बसले. मी जिन्यात कॉफी पीत होतो. एकदम त्यांचा हात थांबला. वाकलेल्या नळीवरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं, परत फिरवलं आणि तसेच ओल्या फरशीवर बसून राहिले.

"तडा गेलाय," ते म्हणाले.

"वा! मग आता तरी बदला."

त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं आणि मला खाली बोलावलं. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"ती आधी घराबाहेर पडत नव्हती, ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं. आठेक वर्षांपूर्वी अक्का मार्केटातल्या गर्दीत चक्कर येऊन पडल्या होत्या. दुखलं-खुपलं काही नाही, पण तेव्हापासून फाटकाच्या कडीला हात लावला की त्यांचे तळवे भिजायचे, छाती धडधडायची. डॉक्टर झाले, अंगारे झाले. मंगळूरची बहीण येऊन आठ दिवस समजावून गेली. पण दोन वर्षं अक्का फाटकाच्या आत.

"मग एक दिवस मी या गाडीवरून दगडावर आदळलो. नळी वाकली. दुसऱ्याच दिवशी बदलणार होतो मी, पुणेकर! आपल्यात कुठे असलं चालतं? पण संध्याकाळी दळणाचा डबा डावीकडे बांधून गिरणीतून येत होतो, तर कोपऱ्यावर डब्यासकट आडवा. नखशिखान्त पीठ. ती फाटकातून बघत होती. हसली. दोन वर्षांनी हसली हो! आणि म्हणाली, 'डब्याचं काम नाही ते. थांबा, मी बसते.'"

स्वतःसाठी ज्या बाईला फाटक ओलांडवत नव्हतं, ती नवरा पडू नये म्हणून ओलांडून आली. त्या दिवशी कोपऱ्यापर्यंत, महिन्याने देवळापर्यंत, आणि वर्षाने थेट त्याच मार्केटात. अण्णांनी नळी बदलली नाही. बदलली असती तर वजन लागलं नसतं, आणि वजन लागलं नसतं तर अक्का...

"आणि आता तडा," ते म्हणाले. "बदलली नाही तर एक दिवस मोडेल. मागे ती बसलेली असते."

मला एकदम सुचलं. "मग नवी नळी मुद्दाम वाकडी करून बसवा ना! तशीच, उजवीकडे ओढणारी."

देवळाच्या दानपेटीत हात घालायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी? माझ्या हातांनी? वाकडी?"

"सहा वर्षं चालवलीत ती?"

"ती वाकली होती. मी वाकवली नव्हती."

पुणेकराने कॉफीचा रिकामा कप उचलला आणि माडी गाठली.

अण्णांनी पीण्यात दोन्ही नळ्या नव्या करून घेतल्या. एकीवर त्यांनी स्वतःच लाल ठिपका मारला आणि ती पुन्हा नव्याने करायला लावली. आयुधपूजेच्या सकाळी गाडी अंगणात उभी होती. नळ्या चकचकीत, हँडलला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. अक्कांनी कुंकू लावलं आणि विचारलं, "काय हो, झाली सरळ? आता एकट्याने चालवता येईल ना?"

तीस वर्षांत या माणसाने खोटा रिपोर्ट दिला नव्हता. अण्णांचे कान लाल झाले. "झाली म्हणजे... स्वल्प ओढते अजून."

"यांचं तोंड बघा. पुणेकर, तुम्ही बघा चालवून."

लिंबं चिरडून मी रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. काय सांगू! इतकी सरळ गाडी मी जन्मात चालवली नव्हती. हात सोडले असते तर बहुतेक एकटीच तुमकूरला गेली असती. अक्का फाटकाच्या आत उभ्या होत्या, कडीवर हात ठेवून.

"काय?"

"ओढते," मी म्हणालो. "चांगलीच ओढते."

"कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे," अण्णा म्हणाले.

"डावीकडे," मी म्हणालो.

दोघंही एकाच वेळी.

अक्कांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्या चकचकीत नळ्यांकडे. कडीवरचा हात काढला आणि आत गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला.

अण्णांनी फडकं उचललं आणि स्वच्छ असलेली टाकी पुसायला लागले. पुसत राहिले. मी लिंबाच्या साली गोळा केल्या. मला वाटलं, पुण्यात जन्मून एवढंसं खोटंसुद्धा धड बोलता येत नाही, काय उपयोग!

दार उघडलं. अक्का बाहेर आल्या. पायात चप्पल, हातात पिशवी, केसांत कालचा गजरा. कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली आणि फाटक स्वतःच उघडलं. कडीवर हात जरा वेळ थांबला खरा, पण उघडलं.

"नवरा म्हणतो उजवीकडे, पुणेकर म्हणतात डावीकडे," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे ओढणारी गाडी एकटे कशी चालवाल हो? सरका पुढे."

अण्णा गाडीवर बसले आणि पुढे सरकले. अक्का नेहमीसारख्या डावीकडे पाय सोडून बसल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी निघाली.

आता फोर्क सरळ, आणि वजन सगळं एका बाजूला. जावा हळूच डावीकडे झुकायला लागली. अण्णा उजवीकडे कलले, आता त्या बाजूच्या कानात काहीतरी सांगायला निघाल्यासारखे. कोपऱ्यापाशी त्यांनी एक हात सोडून मागे मला खूण केली. रिपोर्ट पास झाला होता.