हवालदारांची फीड-हजेरी

हवालदार आकाराम शेडगे सैन्यातून निवृत्त होऊन फलटणजवळच्या गावी आले, पण सकाळची हजेरी घ्यायची सवय काही सुटेना. घरात राहीबाई एकट्याच, आणि त्या काही सावधान उभ्या राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. अशात पलटणीतल्या एका जुन्या दोस्तानं त्यांना मोबाइलवर फीड रीडर घालून दिला. एखाद्या वेबसाइटचं फीड एकदा त्यात जोडलं, की तिच्यावर जे नवं येईल ते आपसूक इथं येऊन उभं राहतं.

"म्हंजे आपण हिंडायचं न्हाई, त्यांनीच यायचं!" हवालदार खूश झाले.

तेव्हापासून सकाळी सहाला, गुळगुळीत दाढी करून, ते मोबाइलसमोर ताठ बसत. सैन्यभरती, शेतीच्या योजना, परीक्षांचे निकाल, अशा एकतीस साइट त्यांच्या हाताखाली होत्या. गावानं तर स्वतः काही बघणंच सोडलं होतं. शेजारची साक्षी नर्सिंग कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत होती. तीही रोज कुंपणावरून विचारायची, "काका, दुसरी यादी?"

"न्हाई अजून. लागली की बिगूल वाजवतो."

त्या दिवशी साडेदहाचा चहा देता देता राहीबाई मोबाइलात डोकावल्या. "आवं, साक्षीचं कॉलेज कुठं दिसत न्हाई ह्यात?"

"नाव कापलं त्याचं. सात दिवस तोंड दाखवलं न्हाई. गैरहजर!"

"सांगण्याजोगं काय नसंल म्हणून गप बसलं असंल की! मी म्हायेरी जाऊन आठ दिवस फोन केला न्हाई, तर माझं बी नाव कापताय व्हय?"

हवालदारांनी कप बाजूला ठेवला. घाईघाईनं त्यांनी फीड परत जोडलं. यादी परवाच लागली होती. साक्षीचं नाव त्यात होतं, आणि प्रवेशाची मुदत आज दुपारी एकपर्यंत.

"साक्षे! कागदं घे, गाडीवर बस!"

साताऱ्यात कॉलेजच्या खिडकीशी पोचले तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पावती हातात पडली तशी साक्षी वाकून पाया पडायला लागली. हवालदार दोन पावलं मागं सरले.

"पाया पडू नगंस. माझ्याच हातनं कॉलेज कापलं गेलं हुतं. लय मोठी चूक."

साक्षी खुदकन हसली. "मग काका, फौजेत ह्याला सजा काय?"

"पिट्ठू. पाठीवर वजन घिऊन पळायचं."

संध्याकाळी गावानं पाहिलं, तर साठीचे हवालदार पाठीवर गच्च भरलेली सॅक घेऊन पाराभोवती धावताहेत. दुसऱ्या फेरीला, सैन्यभरतीची वाट बघणाऱ्या पोरांतला जयराज चहाच्या टपरीतून ओरडला, "हवालदार, भरती निघाली का काय?"

त्यांना बोलायला दम कुठला! त्यांनी नुसता हात हलवला. तो नकार होता, पण पोरांना वाटलं, बोलावताहेत. तिसऱ्या फेरीला हवालदारांच्या मागं अकरा जण पळत होते.